वाचक विचारतात : गिटारच्या छोट्या ॲम्पला घरच्या घरी स्टँड

या वेळी ॲम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, स्टँडवर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. देवगडच्या पत्राला सगळ्यात मोठं उत्तर दिलंय कारण इतरांचे निम्मे प्रश्न त्यातच येऊन जातात, तेव्हा ते आधी वाचा.

प्रश्न (देवगडहून एक कॉलेजचा विद्यार्थी) : दादा नमस्कार. माझ्याकडे १५ वॅटचा छोटा ॲम्प आहे, ८ इंची स्पीकरवाला, वजन साधारण साडेसहा किलो. मी पडवीत खुर्चीवर बसून वाजवतो. आधी ॲम्प खाली कोब्यावरच असायचा, मग आई म्हणाली पावसात खाली ओल धरते, वर ठेव कुठेतरी, म्हणून आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीवर ठेवला. आता जाड तार वाजवली की कुठूनतरी खरखर येते. आणि दुसरं म्हणजे मला स्वतःला आवाज दबका वाटतो पण समोरच्या घरातली काकी म्हणते की कानात घुसतो रे तुझा आवाज. बाजारात लोखंडी स्टँड मिळतो पण आमचं घर समुद्रापासून जवळ, तो गंजणार हे नक्की. घरी लाकडाचा बनवता येईल का? करवत, ड्रिल, गुण्या सगळं आहे घरात. उंची किती ठेवू?

उत्तर : काकी काय म्हणाल्या ते आधी घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. स्पीकरचा आवाज सगळीकडे सारखा पसरत नाही. खालचे जाड सूर चहूकडे जातात पण वरचे तीक्ष्ण सूर बॅटरीच्या झोतासारखे सरळ समोर जातात. ८ इंची स्पीकरमध्ये साधारण २००० हर्ट्झच्या वर हा झोत अरुंद व्हायला लागतो आणि गिटारच्या आवाजाची जी धार असते, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) तारेला लागल्याचा जो टक् असतो, तो बराचसा त्याच पट्ट्यात येतो. आता तुझा ॲम्प पेटीवर सरळ उभा आणि तू त्याच्या जवळ खुर्चीवर, म्हणजे तो झोत तुझ्या मांडीला लागून पडवीबाहेर खळ्यात जातो आणि तिथून थेट काकींच्या ओटीवर. तुला धार ऐकू येत नाही म्हणून तू ट्रेबल (तीक्ष्ण सुरांचं बटण) वाढवतोस, तरी समाधान होत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवतोस, आणि हे वाढवलेलं सगळं जातं त्यांच्या कानात. त्या बरोबर बोलतायत आणि तूही बरोबर बोलतोयस, दोघं एकाच ॲम्पचे दोन वेगळे आवाज ऐकताय.

म्हणून किती उंच करू या प्रश्नाच्या आधी किती तिरका करू हा प्रश्न येतो. ॲम्पचं तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे वळलं पाहिजे, हे स्टँडचं पहिलं काम, उंची वगैरे नंतर. मोठ्या कंपन्यांनाही हे फार आधीपासून माहीत आहे, फेंडरच्या १९६० च्या दशकातल्या ट्विन रिव्हर्बसारख्या मोठ्या ॲम्पना दोन्ही बाजूंना लोखंडी पाय यायचे, ते फिरवले की ॲम्प मागे रेलून उभा राहायचा. आणि तुमच्याकडे भजनाच्या डबलबारीत स्टेजवर बुवांच्या समोर जे तिरके स्पीकर ठेवलेले असतात त्यांचंही काम तेच, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा.

आता हिशोब. खुर्चीवर बसल्यावर माणसाचा कान जमिनीपासून साधारण ११० ते ११५ सेंटिमीटरवर येतो, तू टेप लावून स्वतःचा मोजून घे. ॲम्पची बैठक जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर घेतली तर तुझ्या मापाच्या ॲम्पमध्ये स्पीकरचा मध्य येतो अंदाजे ४५ वर. मग २० अंश मागे रेलवलास की स्पीकरची सरळ रेघ साधारण १८० ते १८५ सेंटिमीटरवर तुझ्या कानात जाते, म्हणजे सहा फूट. पडवीत बसणाऱ्याला हे अंतर छान जमतं. उभं राहून वाजवलंस तर कान दीडशेच्या वर जातो आणि त्याच स्टँडवर तुला साडेनऊ फूट मागे सरकावं लागेल, तेव्हा पडवीतून सरळ खळ्यात उतर. यापेक्षा जास्त उंच करू नकोस असं माझं ठाम मत आहे. कंबरेएवढ्या उंचीचे स्टँड दिसायला चांगले दिसतात पण धक्का लागला की कलंडतात आणि घरात मांजर, लहान मुलं, गणपतीत येणारी पाहुणेमंडळी, कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकतोच.

लाकूड कोणतं? तुझ्या घरासाठी मी १८ एमएम प्लायवूड सांगेन, पण कुठलंही नाही. प्लायवर शिक्का असतो तो वाच. आयएस ७१० लिहिलेलं असेल तर ते मरीन प्लाय, सुतार त्याला नुसतं सातशेदहा म्हणतात, पडवीसाठी हेच घे. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) आणि एमआर (फक्त दमटपणा सोसणारं), त्यातलं बीडब्ल्यूआर आतल्या खोलीत चालेल पण एमआर पडवीत नको, आपल्याकडच्या एका पावसात त्याचे पदर सुटायला लागतात. आख्खी शीट घ्यायची अजिबात गरज नाही. ४ फूट बाय २ फुटांचा एक तुकडा पुरतो, आणि किचन ट्रॉलीची कामं करणाऱ्या सुताराकडे असे चांगल्या प्लायचे तुकडे पडलेले असतात, आधी तिथे विचार.

आकार असा की दोन सारख्या बाजूच्या फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या, बस. प्रत्येक फळी ३६ सेंटिमीटर खोल आणि ४२ उंच काप. आता फळीचा पुढचा खालचा कोपरा शून्य धर आणि तिथून मापं घे. पहिली खूण, ३ आत आणि ३० वर. दुसरी खूण, २२ आत आणि २३ वर. तिसरी, २९ आत आणि ४२ वर. पहिली ते दुसरी रेघ मारलीस की ती ॲम्पची बैठक, दुसरी ते तिसरी म्हणजे पाठ. कोनमापक लागत नाही, कारण बैठकीत १९ पुढे जाताना ७ खाली उतरतोस आणि पाठीत ७ पुढे जाताना १९ वर चढतोस, त्यामुळे दोन्हींच्या मधला कोन आपोआप काटकोन होतो आणि उतार २० अंशांचा मिळतो. तरी गुण्या लावून खात्री कर. तिसऱ्या खुणेपासून वरच्या कडेवर आणखी ३ सेंटिमीटर सपाट सोड म्हणजे ३२ पर्यंत, नाहीतर वर अणकुचीदार टोक राहतं आणि प्लायचं टोक लगेच फुटतं, आणि तिथून खाली मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. पुढेही शून्यापासून पहिल्या खुणेपर्यंत तिरकी रेघ. एक फळी कापून झाली की तीच दुसरीवर ठेवून आखून घे, दोन्ही वेगवेगळ्या मोजत बसू नकोस, कारण दोन फळ्यांत दोन-तीन मिलिमीटरचाही फरक पडला की ॲम्प डुगडुगतो आणि मग खरखर कुठून येते ते शोधण्यात आठवडा जातो.

ही मापं ३५ सेंटिमीटर रुंद, ३३ उंच आणि १९ खोल अशा ॲम्पची आहेत, छोटे ॲम्प साधारण याच्या आसपास असतात, पण तू तुझा मोजूनच घे. बैठकीची लांबी ॲम्पच्या खोलीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त ठेवायची आणि पाठ ॲम्पच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त. वजन कुठे पडतंय हे तपासायला गवंड्याचा ओळंबा घे, नसेल तर दोऱ्याला नट बांध. ॲम्प स्टँडवर ठेवून बाजूने बघायचं, ॲम्पच्या मध्यावरून दोरा खाली सोडायचा, तळाचे तीन सारखे भाग धरले तर तो मधल्या भागात पडला पाहिजे. वरच्या मापात तो जवळजवळ बरोब्बर मध्यावर पडतो. स्टँड मोठा किंवा छोटा करताना बाकी सगळं विसरलास तरी चालेल, ही एक तपासणी सोडू नकोस.

आडव्या पट्ट्या २८ सेंटिमीटर लांब, ६ रुंद. एक खाली पुढे, एक खाली मागे, एक बैठकीच्या अगदी खाली आणि एक पाठीच्या वरच्या टोकाला, मागच्या बाजूने. असं केल्यावर स्टँडची बाहेरून रुंदी ३२ च्या आत येते आणि ॲम्प दोन्ही बाजूंना जरा बाहेर राहतो, ते मुद्दाम आहे. कारण बऱ्याच छोट्या ॲम्पची पाठ उघडी किंवा अर्धी उघडी असते, तिथूनही आवाज बाहेर पडतो आणि आतली गरम हवाही. पाठीला आख्खी फळी लावलीस तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि आत उष्णता कोंडते. आपल्या स्टँडमध्ये पाठीला फक्त दोन फळ्यांच्या कडा टेकतात, मधलं सगळं मोकळं. भिंतीपासूनही निदान वीतभर लांब ठेव.

सांधे. प्लायच्या कडेत नुसता स्क्रू फार काळ धरत नाही, पदर फाकतात, म्हणून आधी ३ एमएमच्या बिटने भोक पाड मग ४ एमएमचा स्क्रू, दोन इंची, पट्टीच्या प्रत्येक टोकाला दोन, आणि सांध्यात फेविकॉल मरीन, साधा पांढरा नको. आतल्या कोनात अंगठ्याएवढा लाकडी ठोकळा चिकटवून दोन्हीकडून स्क्रू मारलास तर तो सांधा तुला पुन्हा बघायला लागणार नाही. स्क्रूच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. सुतार हल्ली सगळीकडे काळे जिप्समचे स्क्रू वापरतात, पुण्यात चालत असतील, देवगडात त्यांच्यावरून गंजाचे ओघळ यायला वेळ लागत नाही. स्टेनलेस स्टीलचे घे, ३०४ चालतात, ३१६ मिळाले तर उत्तम कारण त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते खाऱ्या हवेत जास्त टिकतात, बोटींच्या सामानाच्या दुकानात विचार. दुकानदार स्टेनलेस म्हणून काय देतोय हे बघायला खिशात लोहचुंबक ठेव, या दोन प्रकारांना ते जवळजवळ चिकटत नाही, कट्कन चिकटलं तर सोडून दे. पितळी स्क्रूही चांगले पण नरम असतात, त्यांचा माथा फिरतो, आधी लोखंडी स्क्रू घालून वाट करून घ्यायची आणि मग पितळी घालायचा.

क्लॅम्प नसतील तर सुतळी गुंडाळून मध्ये काठी घालून पिळ, छान आवळतं. रात्रभर तसंच ठेव, पावसाळ्यात चोवीस तास. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर मग १५०, आणि वार्निश किंवा पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन हात. कडांना जास्त दे, प्लाय पाणी पितं ते कडेतूनच, आणि खालच्या कडांना तर सगळ्यात जास्त कारण त्याच कोब्याला लागणार. खाली रबरी बूट लाव. रबर तळाला चालतं, पण ॲम्पच्या खाली, जिथे ॲम्प टेकतो तिथे, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावू नकोस. काळ्या रबराचे डाग ॲम्पच्या रेक्झिनवर उमटतात आणि ते निघत नाहीत. तिथे नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) किंवा कॉर्क चिकटव, बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे नमद्याचे तुकडे असतात.

आता खरखर. आंब्याच्या पेटीच्या फळ्या पातळ, छोट्या खिळ्यांनी ठोकलेल्या आणि मध्ये फटी, आंब्याला हवा लागावी म्हणून ती तशीच बनवलेली असते. ॲम्पखाली ठेवलीस की प्रत्येक फळी आपापल्या सुराला थरथरते. नवीन स्टँडवर ते जाईल, पण आधी एक खात्री करून घे की खरखर पेटीचीच आहे, ॲम्पची नाही. ॲम्प जाड घडी केलेल्या गोधडीवर ठेव, खालच्या ई तारेपासून, ती मोकळी वाजते ८२ हर्ट्झला, एक एक फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) चढत बाराव्यापर्यंत सावकाश जा. गोधडीवरही एखाद्या सुराला खरखर आली तर ॲम्पचाच एखादा स्क्रू, हँडल, मागची फळी किंवा पुढची जाळी सैल आहे. ती आधी आवळ. मग स्टँडवर ठेवून हाच प्रकार पुन्हा कर, जो सूर खरखरेल तो वाजता ठेव आणि घरातल्या कोणाला तरी स्टँडच्या एकेका भागावर हात दाबायला सांग, जिथे दाबल्यावर थांबेल तो सांधा सैल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे तुझा विरस होणार नाही. जमिनीवरून ॲम्प वर घेतला की बेस थोडा कमी वाटतो. जमीन आणि भिंत जवळ असली की खालचे सूर त्यांच्यावर आपटून भर घालतात, कोपऱ्यात ठेवला की सगळ्यात जास्त. स्टँडवर ती भर कमी होते. बेसचं बटण जरा वाढव, ट्रेबलचं खाली आण, आणि मग एकदा खुर्चीवर दुसऱ्या कोणाला वाजवायला बसवून तू स्वतः काकींच्या ओटीवर जाऊन ऐक. तिथे जे ऐकू येईल त्यावरून बटणं लाव.

आणि आई ओलीबद्दल बोलल्या ते अगदी खरं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याच्या जोत्यातून ओल वर चढते, स्पीकरचा कोन बहुतेक कागदाचा असतो आणि तो ती ओढून घेतो, बुरशी धरतो. ३० सेंटिमीटर वर घेतल्याने यातलं बरंच वाचतं. वर झाकायला सुती कापड घे, प्लास्टिक नको, प्लास्टिकखाली घाम धरतो. पावसाळ्यात वाजवायचं नसलं तरी अधूनमधून अर्धा तास चालू ठेवत जा, आतली ऊब ओल घालवते. आणि मागच्या जाळीत, जॅकच्या भोकात कुंभारमाशी घर करते, कोकणात ही कुठेही मातीची घरं बांधते, वाजवून झालं की भोकात एक जुना जॅक किंवा कापडाचं बोंडुक घालून ठेव.

प्रश्न (अलिबागहून एक शिक्षिका) : मी शाळेत मुलांना गिटार शिकवते, मला सुतारकाम येत नाही. नळाच्या पीव्हीसी पाइपचा स्टँड करता येईल का? हलका हवा, रोज उचलून कपाटात ठेवायचा असतो.

उत्तर : येईल ताई, आणि तुमच्या कामाला तो लाकडापेक्षाही बरा कारण खारी हवा त्याचं काही बिघडवत नाही. पाइप सव्वा इंची घ्या, अर्धा इंची किंवा पाऊण इंची अजिबात नको, तो वजनाने वाकत नाही पण डुलतो, आणि डुललेला स्टँड म्हणजे प्रत्येक सुराला हलणारा ॲम्प. एल्बो आणि टी लावून दोन बाजूच्या चौकटी आणि मध्ये तीन आडव्या दांड्या. पीव्हीसीची अडचण एकच की एल्बो ९० अंशांचे किंवा ४५ चे मिळतात, २० अंशांचा कुठे मिळणार नाही. यावर सोपा उपाय म्हणजे सगळं काटकोनातच जोडा आणि पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब ठेवा. पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून २५ सेंटिमीटरवर असतील तर पुढचे ९ सेंटिमीटर जास्त उंच केलेत की तुम्हाला हवा तो उतार मिळतो. पाठीच्या उभ्या दांड्यांना तोच उतार आपोआप येतो कारण त्या बैठकीला काटकोनात आहेत.

सोल्युशन लावण्याआधी सगळा स्टँड कोरडा जोडून ॲम्प ठेवून बघा, सोल्युशन पाइपवर लागलं की काही सेकंदांत धरतं, मग वाकडं बसलेलं सरळ होत नाही. खालच्या दोन आडव्या पाइपात कोरडी वाळू भरून टोकं बंद केलीत तर स्टँड खालून जड होतो, कलंडत नाही आणि पोकळ पाइपची ठणठण पण जाते. वाळू किनाऱ्यावरची घेऊ नका, तिच्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल खेचून घेतं, बांधकामाची धुतलेली वाळू चुलीवर किंवा उन्हात कडकडीत वाळवून घ्या. वाळूने थोडं वजन वाढेल, रोज उचलायचा आहे म्हणून फक्त मागचाच पाइप भरलात तरी चालेल. कायम उन्हात ठेवू नका, पांढरा पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो. आणि शाळेत मुलांचे कान तुमच्यापेक्षा खाली असतात, मुलं जमिनीवर बसत असतील तर एवढी उंची नकोच, उतार तसाच ठेवून पाय अर्धे करा.

प्रश्न (चिपळूणजवळच्या गावातून एक आजोबा) : नातवासाठी हे करतोय. जुनं घर उतरवलं त्याचे वासे आणि फणसाच्या दोन फळ्या पडवीत आहेत. शिवाय यंदा वाऱ्यात आंब्याचं एक झाड पडलं, त्याचंही लाकूड आहे. कोणतं वापरू?

उत्तर : आजोबा, फणस वापरा, दुसरा विचार करू नका. फणसाचं लाकूड वाद्यांना चालत आलेलं लाकूड आहे, दक्षिणेत वीणा आणि मृदंगाची खोडं फणसाची करतात, आणि तुमच्या घरात इतकी वर्षं राहून त्या फळ्या आता जेवढं आकसायचं तेवढं आकसून बसल्यात. नवीन आंब्याचं तसं नाही. ताज्या लाकडाला वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष धरायची जुनी रीत आहे आणि कोकणच्या दमट हवेत तेवढंही पुरत नाही, आजच कापून जोडलंत तर शिमग्यापर्यंत सांधे उघडतील. त्यात आंब्याला भुंगा लवकर लागतो. ते चिरून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवा, पुढे कामाला येईल.

वासे जर सागाचे किंवा किंजळीचे असतील तर पायांना उत्तम, पण रंध्याला किंवा करवतीला लावण्याआधी एकेक वासा लोहचुंबक फिरवून बघा, जुन्या वाशांत मोडलेले खिळे आत राहिलेले असतात आणि रंध्याच्या पात्याचं वाटोळं करतात. वाळवीचं पोखरण कुठे आहे का ते टोचणीने टोचून बघा, टोचणी सहज आत गेली तर तेवढा तुकडा कापून टाका. भरीव लाकडात करताना एक लक्षात असू द्या, फळी रेषांच्या आडवी फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून बैठकीची फळी सलग घेणार असाल तर तिला दोन्ही कडांना पक्कं आवळू नका, एका कडेला स्क्रू आणि दुसऱ्या कडेला लांबट भोक पाडून स्क्रू, म्हणजे ती पावसात फुगली तरी चिरणार नाही. चौकटीला कूस (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत) घालून सांधा केलात तर अतिशय छान, तुमच्या हाताला ते येत असेल असं पत्रावरून वाटतंय.

तुम्ही काजूच्या टरफलाचं तेल लावू का असंही विचारलंय. वाळवीला ते चांगलंच, होड्यांना आणि वाशांना लावतात ते उगीच नाही, पण ते कातडीला लागलं तर फोड येतात, वाळायला बरेच दिवस घेतं, आणि नातवाचा हात रोज लागणार. पायांच्या तळाला हातमोजे घालून लावा, उन्हात पूर्ण वाळू द्या, वरच्या भागाला मात्र अळशीचं तेल किंवा वार्निश.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून) : माझ्या ॲम्पला हात लावला की पावसात झिणझिण्या येतात, गिटारच्या तारेलाही. लोखंडी अँगलचा स्टँड केलाय त्यामुळे असेल का? लाकडाचा केला तर जाईल का?

उत्तर : नाही जाणार, आणि हे स्टँडचं प्रकरण नाहीच. कृपया आजपासून तो ॲम्प लावू नका. ॲम्पची बाहेरची पेटी लाकडाची असते, आतली पत्र्याची चौकट असते ती तीन पिनांच्या प्लगमधल्या मोठ्या पिनेतून अर्थिंगला जोडलेली असते, आणि गिटारच्या तारा केबलमधून त्याच चौकटीला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल किंवा तुटलेलं असेल तर ॲम्पमधून गळणारा करंट तारेवर येतो आणि तुमच्या अंगातून ओल्या जमिनीत जातो. उन्हाळ्यात जमीन कोरडी, पायात चप्पल, म्हणून तेव्हा कळत नाही. वायरमनला बोलवून त्या सॉकेटचं अर्थिंग आहे का ते मीटरने तपासून घ्या, नुसता टेस्टर पेटतोय यावर जाऊ नका. जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात कोळसा-मीठ आहे का, पाणी घातलं जातं का ते बघा. बोर्डावर ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून किंवा दोन पिनांचा ॲडॅप्टर लावून गुणगुण थांबवायची सवय काही जणांना असते, तुमच्याकडे कोणी तसं केलंय का ते आधी बघा आणि असेल तर तो प्लग आजच बदला. अर्थिंग ठीक निघालं आणि तरी झिणझिण्या येत असतील तर ॲम्प दुरुस्तीला द्या. अँगलचा स्टँड नंतर खुशाल वापरा, फक्त रेडऑक्साइड मारून वरून ऑइलपेंट द्या.

प्रश्न (रत्नागिरीहून) : माझा ॲम्प व्हॉल्व्हचा (आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला) आहे, १२ इंची स्पीकर, २० किलोच्या आसपास. देवगडच्यासारखाच, पण मोठा स्टँड करू का? रेलवला तर व्हॉल्व्हना काही होईल का?

उत्तर : व्हॉल्व्हना २० अंश रेलल्याने काही होत नाही, त्यांना नको असते ती कोंडलेली उष्णता आणि धक्के. पण एवढं वजन ३० सेंटिमीटर वर न्यायचं कशाला? १२ इंची स्पीकरमध्ये झोत आणखी खालच्या सुरांपासून अरुंद होतो म्हणजे तुम्हाला उतार जास्तच गरजेचा आहे, उंची मात्र नाही. बैठकीची पुढची कड जमिनीपासून १२-१३ सेंटिमीटर आणि मागची ४-५, एवढाच बसका पाट करा, पाठीला दोन भक्कम खांब, त्यांना मागून तिरका टेकू. ओल लागू नये एवढी उंची त्यात मिळते. बसका असल्यामुळे झोत कानाला लागायला तुम्हाला आठ फूट तरी लांब बसावं लागेल, जागा नसेल तर उतार २५ अंशांपर्यंत न्या पण मग ओळंबा लावून तळ मागे वाढवा. स्क्रूऐवजी सांध्यांना ८ एमएमचे स्टेनलेस बोल्ट, वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट वापरा, जड ॲम्पच्या थरथरीने साधे नट सैल होतात. आणि पाठ पूर्ण उघडी ठेवा, व्हॉल्व्हच्या मागे वीतभर नाही, हातभर जागा.